एक लिटरचं ओक बॅरल, मॅनहॅटन आणि कोल्हापूरची हवा

मॅनहॅटन म्हणजे व्हिस्की आणि व्हर्मूथ नावाची मसालेदार वाइन यांचं कॉकटेल, आणि ते घरी ओकच्या छोट्या बॅरलात मुरवायची ही कृती. बॅरल हातात आलं की आधी त्याचं बूच काढा, आत मोबाईलचा टॉर्च मारा आणि वास घ्या. आत कोळशासारखं काळं दिसलं आणि जळक्या लाकडाचा, किंचित व्हॅनिलाचा वास आला तर पुढे जायचं. पिवळसर चकाकी दिसली किंवा वार्निश, मेण, थिनर असलं काही नाकात गेलं तर ते बॅरल शोकेसमध्ये ठेवा, त्यात प्यायचं काही घालू नका. ऑनलाइन लाकडी बॅरल म्हणून जे मिळतं त्यात शोभेचा माल बराच असतो. लाकूड आंब्याचं नाहीतर शिसवीचं, बाहेरून पॉलिश, आतून प्लास्टिकचा थर. फोटोत सगळी सारखीच देखणी दिसतात, म्हणून विकणाऱ्याला दोन प्रश्न सरळ विचारायचे: लाकूड कुठलं आणि आतून जाळलंय का. 'अमेरिकन व्हाइट ओक, आतून चार केलेलं' (चार म्हणजे जाळून काळं केलेलं) असं स्पष्ट उत्तर आलं नाही तर पैसे घालवू नका.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीवाल्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करतो. रंधा, पटाशी आणि लाकडाचं फुगणं-आकसणं यात जन्म गेला. त्यामुळे माझ्या भाच्यानं, तो पुण्यात एका हॉटेलात बारवर असतो, हे खूळ घरात आणलं तेव्हा मला दारूपेक्षा त्या बॅरलचंच कौतुक वाटलं. खिळा नाही, सरस नाही, फेव्हिकॉल नाही. नुसत्या फळ्या, दोन बाजूंना दोन झाकणं आणि वरून लोखंडी पट्ट्या. पाणी लागलं की फळ्या फुगतात आणि एकमेकींना आवळून धरतात. सगळा कारभार एवढ्यावर चालतो. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढच्या निम्म्या सूचना तुमच्या तुम्हालाच सुचतील.

ओकच का, हे उद्यमनगरात मला सगळे विचारतात. सागवान काय वाईट आहे? सागवान पॅटर्नला उत्तम, पण त्याला स्वतःचं तेल असतं, उग्र द्रव्यं असतात. वाळवी लागत नाही ती त्यामुळेच. ती द्रव्यं दारूत उतरलेली कुणाला हवीत? पांढऱ्या ओकची गंमत वेगळी आहे. झाडात पाणी वर चढवणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात, त्या पांढऱ्या ओकमध्ये आतून फुगवटे येऊन बंद होतात. याला टायलोसिस म्हणतात. लाल ओकमध्ये त्या उघड्याच राहतात, इतक्या की तुकड्याच्या एका टोकाला तोंड लावून फुंकलं तर दुसऱ्या टोकानं हवा येते. म्हणून लाल ओकचं बॅरल गळतं आणि पांढऱ्याचं टिकतं. शिवाय ओक जाळला की त्यातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होतं, लाकडातली साखर करपून कॅरॅमल होते आणि ओकचा स्वतःचा खोबऱ्यासारखा एक वास असतो तो मोकळा होतो. कोळशाचा थर दारूतले काही उग्र वास ओढून घेतो. यासोबत टॅनिनही येतं. आपल्याकडं कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तेही टॅनिनच्याच जोरावर. थोडं उतरलं तर दारूला अंग येतं. जास्त उतरलं तर जिभेचं कातडं कमावल्यासारखं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. व्हिस्कीची मोठी बॅरलं साधारण २०० लिटरची असतात. आकार तोच ठेवून एक लिटरचं बॅरल केलं तर दर लिटरमागं लाकडाचा स्पर्श जवळजवळ सहापट होतो. हा साधा भूमितीचा हिशेब आहे, कागदावर करून बघा. म्हणजे लाकडाचा रंग, वास, टॅनिन हे सगळं झपाट्यानं उतरतं. पण मुरण्याचा दुसरा भाग, म्हणजे हवा हळूहळू आत शिरून दारूची धार मोडणं, वेगवेगळे घटक एकमेकांत मिसळून गोल होणं, हा काही सहापट वेगानं होत नाही. लाकूड पळत सुटतं आणि काळ आपल्या चालीनं येतो. छोट्या बॅरलात साधी व्हिस्की वर्षभर ठेवून 'बारा वर्षांची' करू म्हणणाऱ्यांचं इथंच फसतं. हाती लागतो तो लाकडाचा काढा. कॉकटेलला मात्र हे छोटं बॅरल सोयीचं पडतं, कारण त्याला लाकूड हवं असतं ते थोडंच, आणि व्हर्मूथसारखी वाइन आत असली की थोड्या हवेनंही तिचं चांगलं होतं.

ही कल्पना फार जुनी नाही. लंडनमध्ये टोनी कॉनिग्लियारो हा बारटेंडर मॅनहॅटन काचेत मुरवत असे. ते चाखून अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या क्लाइड कॉमन या बारमधल्या जेफ्री मॉर्गेनथेलरनं २०१० च्या सुमारास मॅनहॅटन ओकच्या छोट्या पिंपात घातलं. त्या पिंपात आधी मडेरा ही वाइन मुरलेली होती, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. तिथून ही पद्धत जगभरच्या बारमध्ये पसरली.

कायद्याचं एकदाच सांगतो. महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि व्हिस्कीसारख्या दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. आपण इथं दुकानातून रीतसर आणलेली दारू घरच्यासाठी मुरवतोय. गाळायचं काही नाही आणि विकायचंही नाही. आणि हो, आंबोलीमार्गे गोव्याहून स्वस्तातल्या बाटल्या आणायचा मोह कोल्हापूरकरांना होतोच. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेली बाटली इकडं आणणं गुन्हा आहे, तिथं नाद करू नका. दोनशे रुपये वाचवायला गाडी अडकवून बसाल.

बॅरल आलं त्याच दिवशी दारू ओतायची नाही. आधी आत कोमट पाणी घालून हलवा आणि ओता. काळे कण पडतील, पडू देत. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत हे करा. साबण, सोडा, व्हिनेगर यातलं काही नको. लाकूड ते पितं आणि परत देत नाही. नळाचं पाणीही थेट नको, क्लोरीन आणि लाकूड यांच्यातून औषधी, कुबट वास तयार होऊ शकतो. उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं पाणी वापरा.

मग बॅरल मोठ्या परातीत ठेवून कडकडीत पण उकळतं नसलेलं पाणी काठोकाठ भरा. गळेल. नवीन बॅरल गळतंच, काही तर पहिल्या तासाला चाळणीसारखी गळतात. घाबरून परत पाठवायची गडबड करू नका. पाणी कमी होईल तसं भरत राहा, मधून मधून उलटं-सुलटं करून झाकणंही भिजू द्या. दीड-दोन दिवसांत फळ्या फुगून गळती थांबते, उन्हाळ्यात लाकूड फार वाळलेलं असेल तर तिसरा दिवस लागतो. पाणी मात्र रोज बदला, शिळं पाणी लाकडात वास धरतं. तोटी लाकडी असेल तर ती वेगळी वाटीत भिजत घाला आणि फुगल्यावर हातानं पिळत आत बसवा. दोन टोले हलके चालतील, पण बॅरल भरलेलं असताना तोटीवर हातोडी घालू नका. झाकणाची फळी उकलली तर संपलं.

तरीही एखाद्या सांध्यातून थेंब येत असेल तर माझ्या धंद्यातली युक्ती सांगतो. बॅरल रिकामं करा. कठीण लाकडाचा हातभर ठोकळा घ्या, त्याचं टोक लोखंडी पट्टीच्या कडेवर टेकवा आणि मोगरीनं हलके टोले देत पट्टी पोटाच्या दिशेनं सरकवा, गोल गोल फिरत. एकाच जागी ठोकलं तर पट्टी तिरकी होते आणि दुसरीकडून गळायला लागतं. पट्टी दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी पुष्कळ. एवढ्यानंही थांबलं नाही तर बाहेरून मधमाशीचं शुद्ध मेण चोळा, चिरेत नखानं दाबा. एम-सील, बॉडी फिलर, पॅटर्नच्या कोपऱ्यांना लावतो ते रंगीत मेण, यातलं काहीही नाही. पॅटर्न कुणी पीत नाही.

पाणी बदलताना एक काम उरकून घ्या. बॅरल काठोकाठ भरून ते पाणी मापाच्या भांड्यात ओता. एक लिटरचं म्हणून घेतलेलं बॅरल कधी ९५० मिली निघतं, कधी हजारावर जातं. खरं माप बॅरलच्या बुडाला पेन्सिलीनं लिहून ठेवा. बॅरल नेहमी गळ्यापर्यंत भरलेलं हवं, कारण आत रिकामी जागा जास्त राहिली तर हवा जास्त आणि वरच्या फळ्या कोरड्या.

आता मडेराकडं वळू. कोऱ्या बॅरलचा पहिला हात फार जड असतो, आणि तो थेट मॅनहॅटनवर पडला तर महागडं व्हर्मूथ लाकडाखाली दबून जातं. मॉर्गेनथेलरच्या पिंपानं पहिला जोर मडेरावर काढला होता. आपल्याकडं मडेरा शोधत बसण्यात अर्थ नाही, काळी रम घाला. ती स्वस्त, ४२.८ टक्क्यांची, गोडसर, आणि लाकडाचा मार सोसणारी. आठवडाभर ठेवा आणि काढून घ्या. ती रम वाया जात नाही, उलट आमच्या घरी तिचेच चाहते जास्त आहेत. लाकडात जी उरते तिची सावली पुढच्या मॅनहॅटनला येते आणि ती फारच शोभते.

मॅनहॅटनचं प्रमाण सोपं आहे: व्हिस्की दोन भाग, गोड लाल व्हर्मूथ एक भाग आणि वर अँगोस्टुरा बिटर्स, म्हणजे मसाल्यांचा कडू अर्क. एक लिटरच्या बॅरलसाठी व्हिस्कीची ७५० ची आख्खी बाटली आणि ३७५ मिली व्हर्मूथ घ्या. एरवी एवढ्याला वीसेक मिली बिटर्स लागलं असतं, बॅरलसाठी मात्र निम्मंच, म्हणजे चहाचे दोन चमचे. बिटर्सचे मसाले लाकडाबरोबर तीव्र होतात. कमी पडलं तर ग्लासात दोन थेंब टाकता येतात, जास्त झालेलं काढता येत नाही. मिश्रण स्टीलच्या पातेल्यात हलवून स्वच्छ नरसाळ्यानं बॅरलात भरा. दीडशे-पावणेदोनशे मिली उरेल. ते काचेच्या छोट्या बाटलीत भरून, वर 'कोरं' असं लिहून फ्रिजमध्ये ठेवा. हीच बाटली सगळ्यात महत्त्वाची. त्याशिवाय काय बदललं आणि किती बदललं हे तुम्हाला कधीच कळणार नाही. जीभ आठवड्यापूर्वीचं विसरते.

व्हिस्की कुठली, यावर आमच्या दोघांचं एकमत नाही. भाचा म्हणतो बर्बनच, कारण मॅनहॅटन मुळात अमेरिकेचं, राय या धान्याच्या व्हिस्कीचं नाहीतर बर्बनचं, म्हणजे मुख्यतः मक्याच्या व्हिस्कीचं. माझं म्हणणं, बर्बन आधीच कोऱ्या जाळलेल्या ओकात मुरलेली असते, तिला परत तेच कशाला? बिनधुराची भारतीय सिंगल माल्ट मला जास्त पटते. अमृतची बंगळुरूची आणि पॉल जॉनची गोव्याची माल्ट तर आपल्यासारख्याच उष्ण हवेत मुरलेली. धुराची, म्हणजे पीटेड व्हिस्की मात्र नको, तिचा वास बॅरलमधून पुढची दोन-तीन मिश्रणं जात नाही. अगदी स्वस्त ब्लेंड घालणाऱ्यांना एवढंच सांगतो: आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्क्यांत मळीपासून काढलेलं अल्कोहोल मोठ्या प्रमाणात असतं. युरोपात त्याला व्हिस्की म्हणू देत नाहीत. कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून मळीला नावं ठेवायची नाहीत, पण ती मुळात रमची चव आहे. मग सरळ रमच घाला की, निदान प्रामाणिक तरी आहे.

व्हर्मूथ कोल्हापुरात सगळ्या वाईन शॉपमध्ये नसतं. सांगून ठेवलं तर मागवून देतात. ते वाइनपासूनच केलेलं असतं, त्यामुळे बाटली उघडली की फ्रिजमध्ये. महिनोन्‌महिने कपाटात उभी असलेली अर्धी बाटली बॅरलात ओतू नका.

आत काय घालायचं नाही ते कळलं तरी निम्मं काम झालं. लिंबू, संत्र, कुठलाही रस, दूध, साय, अंडं यातलं काही नाही. नासतं, आणि बॅरलही सोबत घेऊन जातं. साखरेचा पाकही मी घालत नाही, तो लाकडाच्या भोकांत चिकटून बसतो आणि बॅरल धुताना पातळ झाला की आंबतो. आत जाणारं सगळं मिश्रण जोरदार हवं. वरच्या मापानं मॅनहॅटन साधारण ३३ टक्क्यांचं होतं, त्यात जंतूंचं काही चालत नाही. वीस टक्क्यांच्या खालचं काही बॅरलात नकोच.

ठेवायचं कुठं? खिडकीत नाही, गच्चीवरच्या पत्र्याखोलीत नाही, फ्रिजच्या वर नाही. आतल्या खोलीत, खालच्या फडताळात, भिंतीपासून चार बोटं लांब. लाकूड आजूबाजूचा वासही ओढतं, म्हणून मी ते वर्कशॉपमध्ये कधी नेलं नाही. थिनर आणि सॅन्डिंगच्या धुळीत ते काय पिईल सांगता येत नाही. स्वयंपाकघरात फोडणीचा तोच प्रश्न. कांदा-लसूण चटणी कुटायच्या दिवशी तर घरातलं काहीच सुटत नाही.

हवेचा हिशेब इथं वेगळा मांडावा लागतो. परदेशी कृतींत चार आठवडे, सहा आठवडे असं लिहिलेलं असतं. ते त्यांच्या हवेत. स्कॉटलंडमध्ये बॅरलमधून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते, बंगळुरूत अमृतवाले दहा-बारा टक्के सांगतात. गरमीत दारू फुगून लाकडात घुसते, गारव्यात परत येते, आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपार आणि पहाट यांत केवढं अंतर असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे उन्हाळ्यात रमनं धुतलेल्या एक लिटरच्या बॅरलात मॅनहॅटन दहा ते पंधरा दिवसांत तयार होतं. दिवाळीनंतर, गारठ्यात, तीन आठवड्यांपर्यंत जातं. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं, म्हणून कडकपणा टिकून राहतो. पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की उलट अल्कोहोल जास्त उडतं आणि मिश्रण किंचित मऊ पडतं. मला व्यक्तिशः जानेवारी-फेब्रुवारीचं मॅनहॅटन सगळ्यात आवडतं. लाकूड सावकाश येतं आणि लक्ष ठेवायला सवड मिळते.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बॅरलच्या बाहेरून पांढरी बुरशी धरते. व्हिस्कीत बुडवलेल्या फडक्यानं पुसायची आणि बॅरल जरा वाऱ्याला ठेवायचं. आतपर्यंत काही जात नाही.

आता चाखणं. दिवस मोजून बॅरल उघडणाऱ्याला चव सापडत नाही, ती जिभेनंच शोधावी लागते. पाचव्या दिवसापासून सुरुवात करा, मग दर दोन दिवसांनी. तोटीतून काढत असाल तर पहिला चमचाभर टाकून द्या, तो तोटीत अडकलेला शिळा असतो. मी बूच काढून लांब काचेच्या ड्रॉपरनं मधलं घेतो. एका पेल्यात चमचाभर बॅरलमधलं, दुसऱ्यात चमचाभर 'कोरं', दोन्हींत तेवढंच पाणी. थेट ३३ टक्के जिभेवर घेतलं तर तिसऱ्या घोटाला काही कळेनासं होतं. आणि चाखायचं ते जेवणाआधी, तांबड्या रश्श्यानंतर कुणाचीच जीभ साक्षीला उभी राहत नाही.

काय बघायचं? सुरुवातीला नुसता वास बदलतो, चव तीच असते. मग एक टप्पा येतो तेव्हा सगळंच बेसूर लागतं. व्हर्मूथ एकीकडं, लाकूड एकीकडं, मध्ये कच्च्या फळीची चव. इथं बहुतेक जण हबकतात. दोन-तीन दिवस थांबा. त्यानंतर व्हिस्की आणि व्हर्मूथ यांच्यामधली शिवण दिसेनाशी होते. व्हिस्कीची धार पुढच्या दातांवर लागायची थांबते, मध्यावर मनुका आणि करपलेल्या साखरेचं काहीतरी येतं, शेवटी हलकी तुरट कड. ही कड गालांच्या आतल्या बाजूला जाणवली की त्याच दिवशी काढायचं. उद्या नाही. 'अजून दोन दिवस ठेवून बघूया' हे वाक्य या कामात लई महाग पडतं. आमच्या घरी भाचा फोनवर विचारतो, "मामा, गालात ओढतंय का?" ओढतंय म्हटलं की तिकडून, "मग फोन ठेवा आणि ओता."

बाटलीत भरताना स्वच्छ मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा, कोळशाचे कण राहिले तर कॉफीच्या कागदी फिल्टरमधून परत एकदा. काचेची बाटली उकळत्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवलेली हवी, आणि गळ्यापर्यंत भरलेली. फ्रिजमध्ये ती महिनोन्‌महिने चांगली राहते. भरलं त्यापेक्षा कमी निघेल. काही उडालं, काही लाकूड प्यायलं. लाकडाचं जास्त झालंय असं वाटलं तर फ्रिजमधली ती 'कोरं'ची बाटली काढा आणि थोडं थोडं मिसळत जा. पाव भाग घातला तरी बहुतेक वेळा ताळ्यावर येतं.

प्यायला देताना ९० मिली घ्या, भरपूर बर्फात अर्धा मिनिट चमच्यानं ढवळा आणि गाळून गार ग्लासात ओता. ढवळणं टाळू नका. बाटलीतलं मिश्रण कोरडं आहे, बर्फाचं वीस-पंचवीस मिली पाणी त्यात जायलाच हवं. आणि हे दिसायला नाजूक असलं तरी एका ग्लासात ६० च्या मोठ्या पेगपेक्षा जास्त अल्कोहोल आहे. पाहुण्यांना आधी सांगा. कोल्हापूरचा पाहुणा 'आणि एक' म्हटल्याशिवाय उठत नाही आणि हे प्रकरण उशिरा चढतं.

ग्लासात चेरी घालतात. डब्यातली लालभडक गोड चेरी मला औषधासारखी लागते. मे महिन्यात पन्हाळा, गगनबावड्याकडच्या बायका द्रोणांतून करवंदं विकायला आणतात, त्यातली काळीभोर, पक्की पिकलेली निवडा. धुऊन, फडक्यावर पूर्ण वाळवून, प्रत्येकाला सुईनं दोन-तीन भोकं पाडून बरणीत भरा आणि बुडेपर्यंत ती बॅरलमधली रम ओता. फ्रिजमध्ये महिनाभरानं काढा. आंबट, तुरट, दारूनं फुगलेलं करवंद काडीला टोचून मॅनहॅटनमध्ये घातलं की चेरीची आठवण येत नाही. बी आहे हे मात्र पाहुण्याला सांगा.

सोबत खायला भडंग किंवा खारे दाणे. मटण नंतर. तिखटावर अल्कोहोल आणि टॅनिन पडलं की तोंडाची आग दुप्पट होते आणि दोन्हींची चव जाते.

ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचं दुसरं कॉकटेल करायचं असेल तर बॅरलात फक्त व्हिस्की आणि थोडं बिटर्स, गोडवा ग्लासात. इथं आपला गूळ. पिवळाधमक, देखणा गूळ घेऊ नका, त्याला रंगासाठी हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवायची पावडर, मारलेली असू शकते. गडद तपकिरी, बिनरसायनाचा घ्या. शंभर ग्रॅम गूळ, शंभर मिली पाणी, मंद आचेवर विरघळवून गाळा. बुडाला काय बसतं ते बघितल्यावर गाळायचं का सांगितलं ते कळेल. ६० मिली मुरलेल्या व्हिस्कीला चहाचा एक चमचा पाक पुरे.

बॅरल रिकामं झालं की लगेच पुढचं भरा. क्रम मात्र ठरवून घ्या. मॅनहॅटननंतर बुलव्हार्दिये, म्हणजे व्हिस्की, काम्पारी हे लाल कडू मद्य आणि गोड व्हर्मूथ. त्यानंतर हवं तर निग्रोनी, म्हणजे जिन, काम्पारी आणि व्हर्मूथ सारख्या भागांत. उलटं जाता येत नाही. काम्पारी एकदा लाकडात बसलं की त्या बॅरलातली प्रत्येक गोष्ट संत्र्याच्या सालीची, कडू लागते. दर खेपेला लाकूड थोडं थकतं, म्हणून दिवस वाढवत जा. पहिल्याला दोन आठवडे लागले तर तिसऱ्याला महिना धरायला हरकत नाही.

लगेच भरायचं नसेल तर बॅरल कोरडं टाकू नका. लाकूड आकसतं, पट्ट्या सैल होतात आणि एखाद्या सकाळी फळ्या सुट्या होऊन पडतात. चार-आठ दिवसांसाठी पेलाभर व्हिस्की आत घालून बूच लावा आणि रोज एकदा बॅरल लोळवा. जास्त दिवसांसाठी लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम केएमएस, सरबतात घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून काठोकाठ भरा. दमेकऱ्यानं हे काम करू नये, वाफ छातीत बसते. पुन्हा वापरताना तीन-चार वेळा धुऊन, एक दिवस साध्या पाण्यात ठेवून मग दारू. व्हिनेगरसारखा आंबूस वास एकदा आत धरला तर ते बॅरल वाचत नाही, त्याच्यामागं लागू नका.

बॅरल संपलं हे कसं ओळखायचं? महिना झाला तरी 'कोरं' आणि मुरलेलं यांच्या रंगात फरक दिसेनासा होतो. मग पट्ट्या सैल करून फळ्या सुट्या करा आणि आतला काळा थर पटाशीनं तासा. खाली दारूनं लालसर झालेलं लाकूड लागतं. त्याच्या चिपा करून आम्ही शेगडीतल्या निखाऱ्यांवर टाकतो आणि वर जाळीवर मटण भाजतो. लोखंडी पट्ट्या भाचा घेऊन जातो, त्याचं काय करतो ते त्यालाच माहीत.